टोरांटोला जाण्याचे सहा मान्यताप्राप्त मार्ग

ज्या गावाला जायचे मार्ग पुष्कळ असतात, तिथे सहसा कुणी पोचत नाही. मार्ग एकच असला की माणूस मुकाट्याने निघतो. दोन असले की विचार करतो. तीनच्या वर गेले की समिती नेमावी लागते.

आमच्या पाइक रिव्हर गावात अशी समिती आहे. तिचं नाव 'टोरांटो प्रवास मार्गदर्शन समिती' आणि मी तिचा नऊ वर्षं बिनविरोध निवडून आलेला चिटणीस (विरोध करणं आमच्याकडे उद्धटपणाचं समजतात). दर गुरुवारी सकाळी हायवेवरच्या डोनटच्या दुकानात आम्ही पाच सभासद बसतो. टोरांटो आमच्यापासून सात तास लांब आहे. आम्ही अंतर तासांतच मोजतो. किलोमीटर सांगणारा माणूस एकतर परका असतो, नाहीतर पोलीस. आमचे अध्यक्ष गॉर्ड पेल्की, लाकूडगिरणीतून निवृत्त, यांच्या मते अंतर सहा तास चाळीस मिनिटं आहे. या वीस मिनिटांवर समितीने तीन हिवाळे खर्ची घातले आहेत.

फेब्रुवारीत समितीपुढे पहिलं खरं प्रकरण आलं. इर्या कोस्केला, वय अठ्ठ्याहत्तर, शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं नोकरी. डोळ्यात मोतीबिंदू, तोही असा अडनिडा, की जवळपासच्या कुठल्या डॉक्टरने हात लावला नाही. चौदा महिने वाट पाहून तिला टोरांटोच्या हॉस्पिटलची तारीख मिळाली होती: अकरा मार्च, मंगळवार, दुपारी दोन. ती हुकली तर पुन्हा रांगेच्या शेपटाला, आणि तोवर आहे तेवढी नजरही राहणार नव्हती. गाडी चालवायचा परवाना तिने आपणहून परत केला होता. एका टपालपेटीला रस्ता ओलांडू द्यावा म्हणून ती दहा मिनिटं गाडी थांबवून बसली होती, त्याच दिवशी.

"मंगळवारी दोनला मला तिथे असायचंय," इर्याबाई म्हणाली. "कशी जाऊ, तेवढं सांगा."

इतका सोपा प्रश्न समितीला आजवर कुणी विचारला नव्हता. आम्ही चार बैठका घेतल्या. निष्कर्ष थोडक्यात देतो.

बस आहे. ती हायवेवर, प्रवासी दिसला तरच थांबते. प्रवासी दिसावा म्हणून पूर्वी तिथे निवारा होता. तिथे कुणी बसत नाही, असं पाहणीत आढळल्याने तो काढला. कुणी बसत नव्हतं, कारण बस थांबत नव्हती. बस थांबत नव्हती, कारण निवाऱ्यात कुणी दिसत नव्हतं. (कारभार चोख आहे. कुठेही फट नाही.)

रेल्वे आठवड्यातून तीनदा येते. मात्र वाटेत लाकूड, गहू किंवा खत भरलेली मालगाडी भेटली, की ती अदबीने बाजूला उभी राहते. वेळापत्रकात मंगळवार लिहिलेला आहे. कुठला मंगळवार, ते लिहिलेलं नाही.

विमान उत्तम. विमानतळ गाडीने चार तासांवर आहे. म्हणजे जो विमानापर्यंत पोचू शकतो त्याला विमानाची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे तो पोचू शकत नाही. स्नोमोबाइल निम्म्या वाटेपर्यंत जाते. पुढे बर्फ संपतं आणि गावं लागतात. सरकारने सुचवलेली, फोनवरून बोलवायची टॅक्सी आम्ही बोलावून पाहिली. सर्वांत जवळची गाडी पाच तासांवर होती, पण चालकाने दिलगिरी फार मनापासून व्यक्त केली.

होडी हा सहावा मार्ग एकमताने मंजूर झाला. जुने कातडीचे व्यापारी याच नद्यांतून खाली जात, सव्वीस दिवसांत. आम्हाला कुणालाच जायचं नसल्याने चर्चा खेळीमेळीत झाली.

राहता राहिली खासगी गाडी. गावात माणसं सहाशे आणि ट्रक चारशे बारा. तिसऱ्या बैठकीत गॉर्डने विषय काढलाही.

"इर्याबाई, मीच नेलं असतं तुला. पण तुला वाटायचं, हा मला लाचार समजतो."

"मीही विचारलं असतं," ती म्हणाली, "पण तुला वाटायचं, ही मला रिकामटेकडा समजते."

दोघांनी एकमेकांना सॉरी म्हटलं आणि विषय संपला.

चौथ्या बैठकीत असं ठरलं की ऐकीव माहितीवर एका म्हाताऱ्या बाईला रस्त्यावर सोडणं बेजबाबदारपणाचं होईल. म्हणून तिच्याच हितासाठी सोमवारी, दहा मार्चला, तीन सभासदांनी तीन ट्रक घेऊन तीन रस्त्यांनी टोरांटोला जावं आणि वेळ मोजावा. वजनाने वेळ बदलतो, तेव्हा प्रत्येकाने एकट्यानेच जावं. ठरावाला मी अनुमोदन दिलं. इर्याबाईने आमचे आभार मानले आणि चाचपडत कोट शोधू लागली.

त्या वेळी काउंटरवर लुक देरोझिए कॉफी घेत होता. गावात कुणी गेलं की अंत्यविधीचं सगळं तोच बघतो. त्याने तिचा कोट काढून दिला.

"आजी, आपले जुने पोस्टमास्तर टोरांटोच्या हॉस्पिटलात वारले. सोमवारी त्यांना आणायला चाललोय, बुधवारी परत. पुढची सीट मोकळी आहे. येतेस?"

आम्ही सगळे मागे वळून बघू लागलो. इतका उघडा प्रश्न आमच्या गावात कुणी कुणाला विचारत नाही.

"हीटर चालतो का रे?" इर्याबाईने विचारलं.

"पुढचा चालतो."

समितीने हा सातवा मार्ग म्हणून नोंदवून घेतला आहे. मात्र तो सर्वांसाठी खुला नाही. त्यासाठी आधी गावातल्या कुणीतरी टोरांटोत मरावं लागतं. वर्षाला सरासरी साडेतीन माणसं हे करतात आणि नागरिकांनी याबाबत कुणावर दबाव आणू नये.

सोमवारी चारही वाहनं निघाली. एक सभासद डबा विसरला म्हणून मधूनच परतला. दुसरा रस्ता चुकला (ते त्याला मान्य नाही). गॉर्डला सात तास एकतीस मिनिटं लागली. बर्फ आडवं आलं म्हणाला. त्याला वाटेत लुकच्या काळ्या गाडीने मागे टाकलं, तेव्हा शववाहिनीला मान द्यायचा म्हणून त्याने टोपीही काढली होती. आत पुढे बसून सँडविच खाणाऱ्या इर्याबाईने त्याला हात केला. त्याच्या शेजारची सीट रिकामी होती.

गुरुवारी ती दुकानात आली. कुणाचा हात न धरता आली. आम्ही सगळे उठून उभे राहिलो.

"किती वेळ लागला?" गॉर्डने विचारलं.

"कुठून गेलात, तलावाकडून की खाणीकडून?" मी विचारलं.

"तलावाकडून. सात तास नऊ मिनिटं. येताना पोस्टमास्तर मागे होते. रस्त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. इथल्या माणसाबरोबर इतका सुखाचा प्रवास मी पहिल्यांदाच केला."

गॉर्डने नऊ मिनिटं कॉफीसाठी वजा केली. तरी सात उरले. तीन हिवाळ्यांचा वाद मिटला होता आणि मी ते घाईघाईने इतिवृत्तात लिहून घेतलं.

मान वर केली तेव्हा इर्याबाई आमच्याकडे बघत होती. एकेका चेहऱ्यावर थांबून, सावकाश.

"अरे देवा," ती म्हणाली, "केवढे म्हातारे झालात रे सगळे."

ऑपरेशन कसं झालं, हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. मला लाज वाटली. ते मी इतिवृत्तात लिहिलेलं नाही.

तुम्ही असतात तर आधी डोळ्याचंच विचारलं असतंत, यात मला शंका नाही. पण मघाशी सात तास नऊ मिनिटांपाशी तुम्हीही 'म्हणजे गॉर्ड हरला' असं मनात म्हणून पुढे गेलात. आमच्या समितीत एक जागा आहे. अर्ज करायची गरज नाही.