बाप म्हणून पहिली हजेरी

पालकसभेला चष्मा न लावता जायचं असं चष्मेवाल्यांनी ठरवलं, आणि तिथेच सगळं फिसकटलं. (दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणारा हा माणूस, चष्म्यात आपण नुसते काका दिसतो, अशा समजुतीत होता.) त्यांना बाप दिसायचं होतं. लग्नाबरोबर बायकोची मुलगी घरात आली होती. तिचे वडील ती तान्ही असतानाच वारले होते. आता तिला रीतसर दत्तक घेण्याचा अर्ज कोर्टात होता आणि तारीख आठवड्यावर आली होती. मुलगी मात्र अजून त्यांना काकाच म्हणायची.

शाळेत दारांवरच्या पाट्या काही केल्या वाचता येईनात. चष्मेवाले अंदाजाने एका वर्गात शिरले.

"या," बाई म्हणाल्या. "वडीलच ना तुम्ही?"

आयुष्यात पहिल्यांदाच कोणी हे विचारत होतं. चष्मेवाल्यांची छाती अशी फुगली, की कोणाचे वडील हे विचारायचं राहूनच गेलं. ते हो म्हणून मोकळे झाले.

"वर्षभर निरोप धाडतेय, आज उगवलात. तुमचा मुलगा खडू खातो."

मुलगा म्हटल्यावर आपण भलत्याच वर्गात शिरलोय हे चष्मेवाल्यांच्या ध्यानात आलं. पण भरल्या वर्गात आत्ताच हो म्हटलेलं, आता कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? पोराने शाळेची घंटा लपवली, गणितात भोपळा आणला, सगळं त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. बाकीचे पालक चुकचुकत होते. शेवटी त्यांनी हात जोडले, यापुढे जातीने लक्ष घालीन असं कबूल केलं, आणि वर आपला फोन नंबरही देऊन आले.

इकडे मुलीच्या वर्गात तिच्या घरचं कोणीच पोचलं नव्हतं. बायकोने विचारलं तेव्हा "गेलो होतो" एवढंच ते पुटपुटले. खरं सांगायची लाज वाटली. बायकोने अबोला धरला.  पुढचे दिवस चष्मेवाले मुलीची नजर चुकवत घरात वावरले.

कोर्टात न्यायाधीशबाईंनी मुलीला जवळ बसवून घेतलं. हे तुझ्याकडे लक्ष देतात का, शाळेत येतात का, असं विचारलं. आता धरणीने पोटात घ्यावं, असं चष्मेवाल्यांना झालं.

"आले होते," मुलगी म्हणाली. "पण शेजारच्या वर्गात गेले. मी दारातून बघत होते."

मग तिने खडूपासून भोपळ्यापर्यंत सगळं साग्रसंगीत सांगितलं. बायकोने कपाळाला हात लावला. न्यायाधीशबाई बराच वेळ रुमालाने तोंड पुसत राहिल्या. चष्मेवाले बुटांच्या टोकांकडे बघत बसले.

"आणि यांना वडील करायचंय तुला?"

"हो. दुसऱ्याच्या मुलासाठी त्यांनी एवढी बोलणी खाल्ली. हा माझा नाही, असं एकदाही म्हणाले नाहीत."

अर्ज मंजूर झाला. चष्मा काढून डोळे पुसत चष्मेवाले बाहेर आले, तोच फोन वाजला. खडूवाल्या बाई होत्या. पोराने आता डस्टर पळवला होता, वडिलांनी ताबडतोब यावं. खरं काय ते सांगून टाकायला चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं आणि "निघालोच" म्हणाले.

मुलीने त्यांच्या हातातला चष्मा घेऊन त्यांच्याच नाकावर चढवला.

"लावून जा, बाबा. नाहीतर तिसरं मूल गळ्यात पडायचं."