मधल्या भावाचं

साळुंखे हवालदारांनी मला आणि उस्मान मुकादमला जितकी पिस्तुलं दाखवली, तितकी एखाद्या कोतवालानंही पाहिली नसतील. सगळी कागदावर. प्रत्यक्षात कतारात, दोह्यातल्या आमच्या खोलीत शस्त्र म्हणावं अशी एकच वस्तू होती, ती कांदे चिरायची सुरी, आणि तिच्यानं टोमॅटोसुद्धा धड कापला जात नसे. तरीही दर शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, कुकरमध्ये मटण चढलं की हवालदार खाटेवर मांडी घालून बसत, समोर एक इंग्रजी मासिक पसरत आणि विचारत, "बोला क्लार्कसाहेब, आज कुठलं घ्यायचं?" विचारायची ढब अशी, की संध्याकाळी सूकच्या बाजारात जाऊन पिशवीत घालूनच आणायचंय.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. अल नस्र भागातल्या एका जुन्या इमारतीत आम्ही तिघं राहत होतो. तिघंही लग्न झालेले आणि तिघंही ब्रह्मचारी. मी एका बांधकाम कंपनीच्या स्टोअरमध्ये क्लार्क. उस्मान रत्नागिरीकडचा, त्याच कंपनीची पिकअप चालवायचा आणि आमच्या पोटाची काळजी वाहायचा. हवालदार सातारा जिल्ह्यातले. फौजेत आर्मरर होते, म्हणजे पलटणीची हत्यारं दुरुस्त करणारे. पेन्शनीत निघाल्यावर इथं आले आणि बंदुकांच्या जागी पाण्याचे पंप उघडू लागले. पंपाला ते कधी नावं ठेवत नसत, पण त्याच्याकडं बघायची नजर सावत्र मुलाकडं बघायची होती.

मासिकं आमच्या कंपनीतला एक इंग्रज इंजिनियर द्यायचा. त्याची वाचून झाली की हवालदारांकडं येत. हवालदारांचं इंग्रजी फौजेतलं, त्यामुळं जिथं स्प्रिंग, बॅरल, ट्रिगर असे शब्द येत तिथं गाडी सुसाट, आणि मधल्या वाक्यांतून ती ढकलायला मी.

"म्याग्झिनमधी म्याग्झिनचं काय लिवलंय बगा जरा," ते म्हणत. यातलं पहिलं वाचायचं आणि दुसरं गोळ्या भरायचं, हे कळायला उस्मानला वर्ष लागलं.

आता पिस्तुलं म्हणाल तर जगात शेकड्यानं. पण हवालदारांचा जीव एकाच घाटावर जडलेला होता. पहिल्या महायुद्धाच्याही आधीचा तो अमेरिकन घाट, पंचेचाळीस बोअरचा. जाड, चपटा, सरळ. तरुणपणी वर्कशॉपमध्ये एका मेजरसाहेबांचं असलं पिस्तूल त्यांच्या हाताखालून गेलं होतं. ते त्यांनी खोललं, पुसलं, तेल दिलं आणि परत जोडलं. बस्स, एवढाच सहवास. पण काही माणसं एका भेटीवर जन्म काढतात, त्यातले हे.

त्या घाटाच्या नकला पुढं देशोदेशी निघाल्या. कुणी स्पेनमध्ये केल्या, कुणी ब्राझीलमध्ये, कुणी अर्जेंटिनात. हवालदारांनी त्यांची तीन घराणी पाडली होती. अस्सल अमेरिकन ते थोरलं. हलक्या किमतीचं, चकचकीत पण ठिसूळ, ते धाकटं. आणि यांच्या अधलंमधलं, ना फार महाग ना फार स्वस्त, ते मधल्या भावाचं. त्यांचं सगळं प्रेम या मधल्या भावाच्यावर.

"थोरल्याचं नाव मोठं," ते सांगत. "पन निम्मे पैसे नावाचेच. धाकटं दिसाया गोड, पन भरवशाचं न्हाई. हजार गोळ्या मारा, मग बगा कसं कुरकुरतं. मधल्या भावाचं घ्या. तोंडानं बोलणार न्हाई, पन कामाला चुकणार न्हाई."

मग मधल्यांची आपसांत कुस्ती लागे. स्पेनचं अंगानं गुळगुळीत, पण मुठीच्या पाठीमागं जी एक पट्टी असते, ती त्यानं काढून टाकलेली. ती पट्टी म्हणजे हवालदारांचं दैवत. मूठ नीट आवळली, तळहात त्या पाठीवर टेकला, तरच खटका पडायचा. नाहीतर पिस्तूल ढिम्म. ब्राझीलचं अंगानं खडबडीत, पण पट्टी शाबूत, शिवाय त्याचे भाग थोरल्याला बसत आणि थोरल्याचे त्याला. "सोयरीक जुळती," हवालदार म्हणत. दर शुक्रवारी ब्राझील जिंकायचं. तरी पुढच्या शुक्रवारी सामना नव्यानं सुरू. खटका कसा पडतो हे ते टाळूला जीभ लावून काढून दाखवत. स्पेनचा 'टिक्', ब्राझीलचा 'टक्'. आम्ही माना डोलवायचो. मला आजही त्यातला फरक कळलेला नाही.

एके दिवशी मात्र उस्मान घाबरला. शेजारच्या खोलीत एक पठाण राहायला आला होता आणि तो पोलीस ठाण्यात चहा देतो अशी इमारतीत बातमी होती.

"अवो हवालदार, ह्यो शबुद आता तोंडातनं काडू नका," उस्मान म्हणाला. "पिस्तूल म्हंजे पिस्तूलच. मराटीत पन तांच, हिंदीत पन तांच, पठाणाला पन तांच कळतला. तिगांना उचलून विमानात घालतील. खलास!"

हवालदार फौजेतले. हुकूम रास्त असला की मानायचे. त्या दिवसापासून आमच्या खोलीत पिस्तूल हा शब्द बंद झाला. बंदूक, गोळी हेही बंद. उरलं ते नुसतं 'ते'. "ते थोरलं," "ते धाकटं," "मधल्या भावाचं ते." प्रवचन तसंच चालू राहिलं, फक्त देवाचं नाव तेवढं कोणी घेईना.

हवालदारांचा दुसरा विषय म्हणजे आई. पण त्या विषयाला प्रवचन नव्हतं, एकच प्रश्न होता. गावाकडून कुणीही आलं की ते पंप खोलता खोलता, मान वर न करता विचारत, "म्हातारी कुणाकडं असती आता?"

हवालदार तीन भावांतले मधले. वडील गेल्यावर शेत वाटलं, भांडी वाटली आणि आईही वाटली गेली. सहा महिने थोरल्या आबांकडं, सहा महिने धाकट्या बाळूकडं. मधल्याच्या वाट्याला आई आली नाही, कारण मधला घरी कधी नव्हताच. आधी पलटणीत, मग कतारात. ते नसले तरी त्यांची बायको, सुनंदावहिनी, गावातच होत्या. हवालदारांनी तिथं नवं घर बांधलं होतं आणि त्यात उगवतीच्या अंगाला एक खोली काढली होती. उंबरा मुद्दाम बसका, म्हणजे गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाय उचलायला लागू नये. सुनंदावहिनींचे गुडघे ठणठणीत होते. ती खोली कुणासाठी, हे न सांगता सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि ती रिकामी होती.

"मग बोलवा ना आईंना," मी एकदा म्हटलं.

"बोलवायचं काय त्यात?" ते म्हणाले. "आई हाय. तिला वाटंल तवा यील." आणि मासिक उघडून बसले. माझ्या लक्षात आलं, या माणसाला वाट्टेल ते खोलता येतं, स्वतःचं तोंड सोडून.

त्या काळी फोन म्हणजे चैन होती. आम्ही घरी कॅसेट पाठवायचो. टेपरेकॉर्डर उस्मानचा. तो स्वतः बायकोशी अर्धा अर्धा तास बोलायचा, मध्ये गाणंही म्हणायचा. हवालदार मात्र रेकॉर्डरसमोर बसले की अटेन्शनमध्ये जायचे. "आई, मी खुशाल हाय. हितं ऊन लई हाय. तब्बेतीला जप. जय हिंद." पुढं शब्द नाही. आईला जय हिंद म्हणणारा मुलगा मी तेवढा एकच पाहिला.

एका शुक्रवारी असंच झालं. त्यांच्याच गावचा पोपट गवंडी रजेवर निघाला होता, त्याच्याबरोबर कॅसेट द्यायची होती. हवालदारांचं जय हिंद झालं. त्यांनी एक बटण दाबलं आणि रेकॉर्डर फळीवर ठेवला. मग कुकर चढला, मासिक उघडलं, स्पेन-ब्राझील सुरू झालं. नेहमीपेक्षा त्या दिवशी रंगही जरा जास्तच चढला. संध्याकाळी पोपट आला आणि कॅसेट घेऊन गेला.

पोपट रजा संपवून परत आला तो थेट आमच्या खोलीवर. शुक्रवारच होता. सुनंदावहिनींनी दिलेला खर्डा आणि दशम्या त्यानं पुढं ठेवल्या, पण त्याचं लक्ष हवालदारांच्या तोंडाकडं होतं.

हवालदारांनी खर्ड्याचा वास घेतला आणि नेहमीचं विचारलं, "म्हातारी कुणाकडं असती आता?"

"तुमच्याकडं!" पोपट म्हणाला.

हवालदारांनी मान वर केली. "माझ्याकडं? कशी काय?"

"कशी काय म्हंजे? तुमीच बोलवलंत न्हवं! आबांच्या सोप्यात कॅसेट लावली. सगळी आळी गोळा झालेली. पयलं नेहमीचं झालं, जय हिंद झालं. आबा बंद करायला उठलं, तर तुमी परत बोलायलाच लागला की! लई बोलला हवालदार, लई बोलला. मधी स्पेन-ब्राझील काय तरी आलं, ते कुणाला उमगलं न्हाई. आमच्या आयाबायांनी डोळं पुसलं."

"काय बोललो मी?"

पोपटाला सगळं पाठ होतं. गावात ते आता सगळ्यांनाच पाठ झालं होतं. "तुमी म्हनला, थोरल्याचं नाव मोठं. धाकटं दिसाया गोड, पन भरवशाचं न्हाई. जल्म काढायचा तर मधल्या भावाचंच बरं."

माझ्या हातातली दशमी खाली पडली. उस्माननं कुकरची शेगडी बंद केली.

"आणि मग म्हनला," पोपटाचा आवाज हळू झाला, "मधल्याला काय लागत न्हाई. येळेवर दोन थेंब तेल मिळालं तरी गप काम करतं. पन त्याच्या पाठीवर हात टेकाय पायजे. पाठीवर हात पडल्याबिगर त्याचं काय चालत न्हाई. हे ऐकलं आन म्हातारी उठली. आबा तापलं, सगळ्या गावाम्होरं वाटणी काढतो काय म्हनले. म्हातारीनं ऐकूनच घेतलं न्हाई. म्हनाली, पोरगं जल्मात कधी काय मागाय आलं न्हाई, आज मागतंय. वळकटी उचलली आन चालत तुमच्या घरी. त्या बसक्या उंबऱ्याच्या खोलीत हाय आता."

उस्मानला हसू फुटलं. ते त्यानं तसंच गिळलं, कारण हवालदार हसत नव्हते. पोपट चहा पिऊन गेल्यावर त्यांनी खर्डा बाजूला सारला.

"म्या त्याचं बोलत होतो," ते म्हणाले. "ब्राझीलच्या त्याचं."

"आता गप ऱ्हवा," उस्मान म्हणाला. "अल्लानं ऐकवलान म्हनायचा. आईस घरात आली ना तुमच्या? मग?"

"फसवून आणल्यागत झालं. उद्या तिला कळलं, मी हत्याराच्या गप्पा हाणत होतो, तर?"

"कोन सांगतंय?"

"मीच सांगणार. आईशी खोटं कसं वागू?"

मीही समजावलं. म्हटलं, हवालदार, खरं सांगितलंत तर त्या परत आबांकडं जातील, आणि हे मागणं पुन्हा तुमच्या तोंडातून यायचं नाही. त्यांना ते पटत होतं, हे दिसत होतं. पण पट्टी शाबूत असलेला माणूस तो.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी सकाळीच दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि रेकॉर्डर मागून घेतला. मासिक उघडलं नाही. आम्ही बाहेर जायला निघालो तर म्हणाले, "बसा. एकट्याला जमायचं न्हाई."

त्यांनी बटण दाबलं. कॅसेट फिरायला लागली आणि बराच वेळ नुसतीच फिरत राहिली. हवालदार ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर.

"आई," ते म्हणाले, "गेल्या टायमाला तू जे ऐकलंस ना, ते म्या तुला म्हनून बोललो न्हवतो. दुसऱ्याच एका वस्तूचं बोलत होतो. चुकून भरलं गेलं."

उस्माननं डोक्याला हात लावला. कॅसेट फिरतच होती.

"तवा म्हनलं न्हवतं. पन आता म्हनतो. आई, माझ्याकडंच ऱ्हा."

त्यांनी बटण दाबून रेकॉर्डर बंद केला. कॅसेट उरलेली सगळी कोरी होती, तशीच पाठवली.