हलणाऱ्या बायकोचा फोटो

सेक्टर सहामधल्या शामसुंदर वाघाडेंनी आयुष्यात स्वतःहून घेतलेले निर्णय दोनच. एक, स्टील प्लँटच्या स्टोअरमध्ये हेडक्लार्क असताना महागडा कॅमेरा घेण्याचा. आणि दुसरा, बायकोच्या गाण्याचे फोटो आपणच काढण्याचा. (लग्नाचा निर्णय वडिलांचा होता, म्हणून तेवढा बरा निघाला.)

शामसुंदर निसर्गाचे फोटोग्राफर होते. निसर्ग म्हणजे नंदिनी नगरची चुनखडीची जुनी खाण आणि तिच्यात साचलेलं पाणी. दर रविवारी पहाटे ते स्कूटरला ट्रायपॉड बांधून निघत. एकदा खाणीजवळच्या अहिवारा गावच्या चार शेतकऱ्यांना तो ट्रायपॉड पाहून वाटलं, जमीन मोजणारा साहेब आला. त्यांनी चहा पाजून, आमची शेतं वाचवा म्हणून हात जोडले. शामसुंदरांनी गंभीरपणे "देखता हूँ" म्हटलं. कलावंत म्हणून एवढा मान त्यांना आधी कुणी दिला नव्हता.

खाणीचा मोठा गुण असा, की ती हलत नसे. चार-चार सेकंद शटर उघडं ठेवलं तरी बिचारी तशीच पडून राही. जगातल्या सगळ्याच गोष्टी अशा समजूतदार असतात, असं शामसुंदरांचं मत होऊन बसलं होतं.

वसुंधराबाई लग्नाआधी भंडाऱ्याला गाणं शिकलेल्या. पुढची सव्वीस वर्षं ते गाणं कुकरच्या साथीवर चाललं. यंदा मराठी मंडळाने वर्धापनदिनाला त्यांना वीस मिनिटं दिली आणि त्या महिनाभर रियाजाला बसल्या. फोटोसाठी मंडळाने अमरदीप स्टुडिओवाल्याला सांगितलं होतं. शामसुंदरांनी परस्पर फोन करून त्याला येऊ नको म्हणून कळवलं.

"त्याले कावून नाही म्हटलं तुम्ही?" वसुंधराबाईंनी विचारलं.

घरात फोटोग्राफर असताना बाहेरचा माणूस कशाला, असं शामसुंदरांचं म्हणणं पडलं.

"मले एकच चांगला फोटो पाहिजे," त्या म्हणाल्या. "आईले पाठवायचा आहे. तिच्यानं आता प्रवास होत नाही."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी शामसुंदरांनी मंचासमोर, अगदी मधोमध ट्रायपॉड रोवला. हॉलमध्ये उजेड बेताचा होता, पण फ्लॅश मारणं त्यांच्या लेखी कलेचा अपमान. त्यांनी खाणीचा हिशोब लावला : चार सेकंद.

हिरव्या साडीतल्या वसुंधराबाईंनी आलाप सुरू केला आणि त्यांचा हात सुरांबरोबर हलू लागला. शामसुंदरांनी तळवा खाली दाबून खूण केली : हलू नको. वसुंधराबाईंना वाटलं, आपला सूर चढला. घाबरून त्या खाली उतरल्या. पेटीवाले गुलाबराव त्यांना शोधत मागोमाग उतरले. शामसुंदरांनी पुन्हा तळवा दाबला. त्या आणखी उतरल्या. आता पट्टी इतकी खाली गेली होती, की पेटीच्या डावीकडे गुलाबरावांना जागाच उरली नाही.

तबला सुरू होताच शामसुंदर वाकून तबलजी धम्मपालांच्या कानाशी गेले आणि हात जरा सावकाश चालवा, फोटोत येऊन नाही राहिले, असं म्हणाले. धम्मपाल भला माणूस. त्यांनी लय अर्धी केली. वसुंधराबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, डोळे मिटून घेतले आणि मग शेवटपर्यंत उघडलेच नाहीत. आपल्या पट्टीत परत चढून त्यांनी गाणं असं काही उभं केलं, की मागच्या रांगेतल्या, समोशांसाठी आलेल्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी शामसुंदरांनी लॅपटॉप उघडला. पेटी स्पष्ट आली होती. माइकचा दांडा तर फारच सुरेख. त्याच्यामागे हिरवा धूर होता.

"ही मी?" वसुंधराबाईंनी विचारलं.

"यात भाव आहे," शामसुंदर म्हणाले.

"आईले काय सांगू? भाव पाठवून राहिली म्हणून?"

त्या बाजूला जाऊन बसल्या. रागावल्या असत्या तर शामसुंदरांना सोयीचं गेलं असतं. पण त्या नुसत्याच पदराशी खेळत होत्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा शामसुंदरांना वाटलं, की हा कॅमेरा खाणीत पडला असता तर बरं झालं असतं. (आपणही, असं त्यांना वाटलं नाही. पश्चात्तापालाही मर्यादा असते.)

शेवटी शेजारची नीतू धावून आली. तिने मागच्या खुर्चीवरून मोबाइलवर सगळं गाणं शूट केलं होतं. आवाज स्वच्छ होता. व्हिडिओ तडक भंडाऱ्याला गेला आणि तासाभरात आईंचा फोन आला. वसुंधराबाईंनी तो स्पीकरवर लावला.

"आवाज तसाच आहे पोरी तुझा," आई म्हणाल्या. मग नाक पुसून त्यांनी विचारलं, "पण तो मधात कोण माणूस होता वं? सारा वेळ आमच्याकडे पाठ करून वाकून राहिला होता. त्याले कोणी हाकललं कसं नाही?"

शामसुंदरांनी पेपर तोंडासमोर धरला. वसुंधराबाईंनी त्या पेपरकडे नीट निरखून पाहिलं.

"काय माहीत, आई," त्या म्हणाल्या. "मांडववाल्याचा माणूस असन."