अण्णांच्या थकलेल्या पेशी

भवानराव अण्णा इन्क्युबेटर उघडण्याआधी चपला बाहेर काढत आणि आत वाकून विचारत, "ऊटा आयता?" म्हणजे, जेवण झालं का? आत काचेच्या चपट्या बाटल्यांत माणसाच्या पेशी वाढत असत. पेशींशी कन्नड, आमच्याशी मराठी आणि साहेबांशी मौन, असा अण्णांचा कारभार होता.

साठ-एकसष्ट साली मी सांगलीहून बंगळूरच्या त्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलो. अण्णांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. "सांगलीकर, स्वल्प दिवा धरा हो," म्हणत ते मला कामाला लावत. पेशींनी बाटली भरली की त्यांची दोन बाटल्यांत वाटणी करायची, पुन्हा भरली की पुन्हा वाटणी. वाटणीच्या दिवशी अण्णा "घर वाढलं!" म्हणून म्हैसूरपाक वाटत. सुरुवातीला ही घरं इतकी भराभर वाढली, की मला माझ्या पँटच्या कंबरेची काळजी वाटू लागली.

मग पेशी मंदावल्या. बाटली भरेना, म्हैसूरपाक येईना. नीट सांभाळल्या तर पेशी कायम वाढत राहतात, थांबल्या तर सांभाळणाऱ्याचा दोष, असंच तेव्हा सगळे धरून चालत. अण्णांनी तो दोष अंगाला लावून घेतला. "माझाच हात चुकतोय," म्हणत त्यांनी पाणी बदललं, बाटल्यांचा साबण बदलला, शेवटी स्वतःची तंबाखूही सोडली. पेशी ढिम्म.

एकदा डबा खाताना ते हळूच म्हणाले, "आमची अक्का पण असंच करते हो. खात नाही, दिवसेंदिवस वाळत चाललीय. माझं कुठं कमी पडतंय?"

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं होतं. आता अण्णा तिला सकाळी माशाचं तेल, दुपारी अंडं, संध्याकाळी दूध देत होते आणि ती बिचारी तोंड वाकडं करून गिळत होती. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

पुढे इस्पितळातून नव्या पेशी आल्या. अण्णांनी त्यांना जुन्यांच्याच शेजारी ठेवलं, तेच अन्न घातलं. नवी बाटली बघता बघता भरली. जुनी होती तशीच राहिली. अण्णा दोन्हींकडे टक लावून बघत उभे राहिले.

"अण्णा, अन्न तेच, हात तोच," मी म्हणालो. "तुमचं काही चुकलं नाही. जुन्यांचं वय झालंय."

"नक्की?"

"समोर दिसतंय की."

"सरी, बरं तर," ते म्हणाले. डोळे पुसले आणि त्या दिवशी लवकर घरी गेले.

रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. अक्का पडवीत उन्हात बसून चिमटीचिमटीनं उप्पीट खात होती. अण्णा शेजारी पाय पसरून बसले होते.

"आता जबरदस्ती नाही करत हो," ते म्हणाले. "खाईल तेवढं खाईल."

अक्का त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून मला म्हणाली, "इतके दिवस पेला घेऊन उभाच असायचा बघ. आता जवळ बसतो."