सभा संपल्यावरची सही

सीनुरावांचं दिवाबत्ती समितीतलं सभासदत्व माझ्यामुळे गेलं. दोष रेल्वेवर टाकायचा मोह मला अजून होतो, पण गाडी बिचारी वेळेवर सुटत होती.

पहिली सार्वत्रिक निवडणूक होऊन गेली होती, त्या सुमाराची ही गोष्ट. मी त्या समितीचा कारकून. कुंभकोणमच्या रस्त्यांवरच्या दिव्यांसाठी दर महिन्याला सभा भरे. बाकीचे सभासद आल्या आल्या हजेरीपुस्तकात सही करून कॉफीची वाट पाहत. सीनुराव सभा संपल्यावरच सही करत.

"जेवायच्या आधी ढेकर देतां काय, सार?" असं वर मलाच विचारत. आमच्याकडे 'सर'चा 'सार' होतो.

आम्हा दोघांच्या घरी तंजावरी मराठी, सभेत मात्र सगळं तमिळ. गावातल्या प्रत्येक दिव्याला सीनुरावांनी नाव ठेवलं होतं. "भांडीबाजारातला भीमा डोळे मिचकावतो. तळ्याजवळची म्हातारी चार दिवस निजूनच आहे."

"दिव्याचा नंबर सांगा, सीनुराव!" अध्यक्ष वैतागत.

"नंबर कैद्याला असतो."

सभा संपली तरी सीनुराव संपत नसत. अध्यक्षांना जिन्यात गाठून पुन्हा भीमापासून सुरुवात; सही त्यानंतर. इकडे मला सुंदरपेरुमाळ कोयिल या माझ्या गावी जायची गाडी गाठायची असे. एकदा वैतागून मी पुस्तक कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि निघालो. दुसऱ्या दिवशी म्हणालो, "आता करा सही."

"कालची सही आज? तें खोटें. मी करत नाहीं."

पुढच्या दोन्ही सभांना मी तेच केलं. खरं सांगतो, तेव्हा गंमत वाटत होती.

लागोपाठ तीन सभांना सही नसेल तर सभासदत्व रद्द, असा एक नियम होता. तो कधी कुणी वाचत नसे. त्या वर्षी अध्यक्षांनी वाचला. "ते हजर होते," एवढे तीन शब्द मला बोलायचे होते. त्याऐवजी मी सभासदत्व रद्द झाल्याचं पत्र टाइप केलं.

तीन महिने असेच गेले. शेवटी क्षमा मागायला त्यांच्या घरी गेलो. सीनुराव मागे विहिरीवर होते. त्यांच्या पत्नी गोदाबाई कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"या, या! काल सभेंत तुम्हीच यांची बाजू घेतलीत म्हणे! अध्यक्षांचें तोंड कसें झालें, तें यांनी करून दाखवलें. हसून हसून पोट दुखलें माझें."

काल सभा झाली होती. सीनुराव तिथे नव्हते. आणि मी आजवर कुणाचीही बाजू घेतलेली नव्हती.

सीनुराव ओला पंचा हातात घेऊन दारात थबकले होते. माझ्याकडे पाहत त्यांनी मान अगदी किंचित हलवली.

"होय, वहिनी," मी म्हणालो. "काल फार छान बोलले."

"महिन्याची एवढीच गंमत मला," त्या म्हणाल्या.

सीनुराव मला पोचवायला ओट्यापर्यंत आले. आवाज खाली आणून म्हणाले, "तिला सांगूं नका, सार. सभेच्या दिवशीं दोन तास तळ्याच्या पायरीवर बसून येतों. कोण काय बोललें, तें ठरवायला तेवढा वेळ लागतोच."

मी त्यांचे दोन्ही हात धरले.

"सीनुराव, तुम्ही तिन्ही सभांना होतात. पुस्तक मी मुद्दाम बंद केलं, आणि अध्यक्षांपुढे गप्प बसलो. मला क्षमा करा."