आण्णा काही ‘या’ म्हणत नाहीत

आमच्या शेजारच्या आण्णांच्या घरी जाणं सोपं, निघणं महाकठीण. कारण आण्णा ‘या’ म्हणत नाहीत.

आमच्याकडं निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. ते अशुभ. ‘येते’ म्हणायचं, घरच्यानं ‘या’ म्हणायचं, की पायात चप्पल घालायची. शेंबड्या पोरालाही कळतं हे. पण साखर कारखान्यात जन्मभर नोकरी करून रिटायर झालेल्या ह्या माणसाला कळत नाही. तुम्ही ‘येते आण्णा’ म्हणायचा अवकाश, आण्णा बोट वर करतात.

“या! वहिनी, ह्यो लई बेरकी शब्द हाय बघा. जर्मनीत या म्हंजे व्हय. रशियात या म्हंजे मी. अरबस्तानात या म्हंजे अहो, अशी हाक. हिंदीत या म्हंजे किंवा. कर्नाटकात गेला तर ‘या ऊरु?’ म्हंजे कुठलं गाव? बसा की, स्पेनचं राहिलंच.”

आणि आपण बसतो. काय करणार? ‘या’ ऐकल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, अशी आईची शिकवण. एकदा वाटी परत द्यायला म्हणून गेले. स्पेन संपेपर्यंत माझ्या कुकरमधल्या डाळीचा कोळसा झाला होता.

बरं, माणूस विद्वान असता तर डाळही सोडली असती. पण आण्णांना ह्यातली एक भाषा येईल तर शपथ! जर्मनमध्ये पाणी मागता यायचं नाही, रशियनमध्ये रस्ता विचारता यायचा नाही. दहा-बारा देशांतला एकेक शब्द, तोही एकच. तेवढ्या भांडवलावर हा माणूस गल्लीभर जगाचा जावई असल्यासारखा फिरतो. पाठीमागं सगळे त्यांना ‘याआण्णा’ म्हणतात. आमचे हे तर म्हणतात, “एका अक्षरावर एवढी बडबड! बाराखडी आली असती तर गाव उठून गेलं असतं.”

हेही एकदा अडकलेच. अर्धी दाढी झाली असताना ब्लेड मागायला गेले आणि फेस वाळून पापुद्रे निघेपर्यंत परत आले नाहीत. दूधवाला तेवढा शहाणा. तो गाडीचं इंजिनच बंद करत नाही.

एकदा तर आण्णांनी देवळापाशी एक जर्मन जोडपं गाठलं आणि घरीच आणलं. सगळी गल्ली दारात. आण्णा “या, या” म्हणतात, तो गोराही मान हलवत “या, या” म्हणतो.

“बघितलासा?” आण्णा आमच्याकडं बघून ओरडले. “आर्धं जग आपलंच बोलतंय!”

त्या बिचाऱ्यांना आण्णांनी तिखट भडंग चारलं. डोळ्यांतून पाणी गळायला लागल्यावर ती दोघं उठली, ‘बाय’ म्हणाली आणि सरळ निघून गेली. आण्णांचं बोट वरच राहिलं. सुटले मेले! त्यांना आमची रीतच ठाऊक नव्हती. अडकतो ते आपण, संस्कारवाले.

तर मागच्या रविवारी आम्ही घर बदललं. गावाच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट घेतलाय. टेम्पो भरला, देव पिशवीत ठेवले, आणि मी म्हटलं, आण्णांचा निरोप घेऊन येते. ह्यांनी कपाळावर हात मारला. “अगं, आज नको! टेम्पोवाला पळून जाईल.”

पण नव्या घरी निघायचं आणि शेजारच्या वडीलधाऱ्याचं ‘या’ न घेता? मनाला पटेना. आज ते वदवून घ्यायचंच, असं ठरवून गेले.

आण्णा खुर्चीत बसले होते. सामान हलताना बघत असावेत, खिडकी उघडी होती.

“येते आण्णा,” मी दारातूनच म्हटलं.

बोट वर झालं. “रशियात...”

“रशिया गेला खड्ड्यात!” माझा संयम सुटला. “आण्णा, सगळ्या जगाचं सांगितलं, आपलं मराठीतलं एकदा म्हणा की! तेवढं म्हणा, मी सुटते.”

बोट खाली आलं. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

“त्येच म्हणत न्हाई मी,” आण्णा म्हणाले. “आमची कारभारीण गेल्यावर पोरगीचं लगीन केलं. तिला चंदगडला दिली. आठ दिस घर नुसतं भरल्यालं. मग पाव्हणं एकेक करून म्हणाय लागलं, येतो आण्णा. मी आपला दारात हुभा राहून या, या, या करतोय. सांच्याला बघतोय तर घरात मी आनि मांडवाचं बांबू. कुठल्या मुलखात त्यो शब्द हाक मारतोय, कुठं व्हय म्हणतोय. आपल्यातच तेवढं, या म्हटलं की माणूस उठून जातंय.”

इतकी वर्षं मी करपलेल्या डाळीचा हिशेब धरून बसले होते.

आण्णा उठले. गुडघ्यावर हात टेकत दारापर्यंत आले, चौकट धरली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले,

“या.”

मग घाईघाईनं म्हणाले, “आनि वहिनी, रीत म्हणून म्हणालो न्हाई. खरंच या.”

मिळालं बाई एकदाचं! आता चप्पल घालायची आणि निघायचं. पण मेलं पाऊलच उचलेना. हॉर्न पुन्हा वाजला, ह्यांची हाकही आली.

“तुम्ही व्हा पुढं!” मी दारातूनच ओरडले. “मी मागनं रिक्षानं येते.”

आणि आत जाऊन रोजच्या खुर्चीत बसले. म्हटलं, “आण्णा, स्पेनचं काय ते सांगा. त्या दिवशी माझं सगळं लक्ष कुकरकडं होतं.”

आण्णांनी बोट वर केलं, पण आधी चहा टाकायला आत गेले.