या, खायला या!

उनाइसी मावशीनं कॅलमच्या ताटात तीन माणसांचा नाश्ता वाढला आणि कॅलमनं तो संपवला. ताटात काही टाकायचं नाही, हे बेंडिगोच्या घरी आईनं त्याला लहानपणापासून शिकवलं होतं.

"आता शाळा सुटेपर्यंत भूक लागणार नाही ना रे?" मावशीनं विचारलं. तिच्या आवाजात काळजी होती.

"मावशी, आता उद्यापर्यंत लागणार नाही," कॅलम म्हणाला आणि पोट सावरत गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या शाळेकडं निघाला. वाटेत त्याला अजून चार घरी खायचं होतं.

कॅलम व्हिटलॉक ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठात समाजसेवा शिकत होता. नुसती पुस्तकं वाचून सेवा येत नाही, म्हणून विद्यापीठानं त्याला एका सत्रासाठी फिजीत, कांदावू बेटावरच्या या गावात मुलांना गणित शिकवायला धाडलं होतं आणि त्याची राहायची सोय उनाइसी मावशीकडं केली होती. निघताना प्राध्यापकबाईंनी बजावलं होतं, "तिथल्या लोकांचा पाहुणचार कधी नाकारायचा नाही. तो अपमान समजतात." कॅलमनं हे वाक्य गाठीला बांधलं आणि तिथंच सगळं बिनसलं.

पहिल्याच सकाळी तो सामूच्या घरावरून चालला होता. दार सताड उघडं, मंडळी चटईवर खायला बसलेली. आतून हाक आली, "मास्तर, या, खायला या!" कॅलम थांबला, चपला काढल्या आणि आत जाऊन बसला. सामूचा घास हातातच राहिला. त्यानं बायकोकडं बघितलं, बायकोनं सासूकडं बघितलं आणि सासूनं मुकाट्यानं आपलं ताट पुढं सरकवलं. काय ही माया, असं मनात म्हणत कॅलमनं नारळाच्या दुधातला मासा चाटूनपुसून खाल्ला. पुढच्या घरातूनही तशीच हाक आली. तिथं उकडलेला कसाव्याचा कंद होता. त्याच्या पुढच्या घरात अळूची भाजी होती.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. गडी वर्गात फळ्याला टेकून ढेकर द्यायचा आणि पोरं ते मोजायची. पण त्याची तक्रार नव्हती. परदेशात सेवेला आलो आहोत, तर शरीराला थोडे कष्ट व्हायचेच, असं तो स्वतःला समजावत होता.

इकडं गाव पेचात पडलं होतं. हाक मारावी तर पाहुणा येतो आणि न मारावी तर लाज जाते. शेवटी सामूनं तोड काढली. पाहुणा यायच्या आधीच खाऊन घ्यायचं. बघता बघता आळीच्या आळी झुंजुमुंजु होताच नाश्ता उरकू लागली. दोन दिवस कॅलमला सगळी घरं झाडलोट करताना दिसली. बिचारे आपली वाट बघून थकतात, आपल्यालाच उशीर होतो, असं वाटून त्याला फार अपराधी वाटलं. तिसऱ्या दिवसापासून तोही अंधारातच निघू लागला.

नळावर बायकांची कुजबुज वाढली.

"उनाइसी त्याला उपाशी ठेवते की काय गं?"

"तर काय! काल अंधारात आला. भुकेनं झोप लागली नसेल लेकराला."

रविवारी चर्च सुटल्यावर सामूची सासू वासेमाता चार बायका घेऊन उनाइसी मावशीच्या दारात आली. प्रत्येकीच्या हातात नारळाच्या झावळ्यांची टोपली, टोपलीत कंद, मासे, पपया.

"आमच्याकडं जास्त झालं होतं," वासेमाता दुसरीकडं बघत म्हणाली. "पोराला घाल."

उनाइसी मावशीच्या हातची चव साऱ्या बेटावर नावाजलेली. गावात कुणाचंही लग्न असो, चूल तिच्या ताब्यात असायची. तिनं टोपल्या घेतल्या, आभार मानले, बायका वळणापार जाईपर्यंत हसतमुख राहिली आणि मग कॅलमकडं वळली.

"माझ्या हातचं आवडत नव्हतं तर तोंडावर सांगायचंस! अख्ख्या गावात माझं नाक कापलंस. उद्या सामूकडं राहायला जा."

"मावशी, अगं, तुझं जेवण तर..."

"एक शब्द बोलू नकोस!" आणि ती पाठमोरी होऊन रडू लागली.

कॅलमला काही म्हणजे काही कळेना. आजवर त्यानं कुणाला नाही म्हटलं नव्हतं, तरी ज्या घरावर त्याचा जीव जडला होता त्याच घरातून त्याला निघावं लागत होतं. तो तडक हेडमास्तर इलाइतियांकडं गेला आणि पहिल्या माशापासून सगळं सांगितलं. इलाइतिया आधी गंभीर होते. कसाव्यापर्यंत त्यांचे खांदे हलू लागले आणि टोपल्या आल्या तेव्हा ते भिंतीला धरून हसत होते.

"अरे बाबा, 'या खायला' असं म्हणायचं असतं. यायचं नसतं!"

"मग बोलावता कशाला?"

"दारावरून माणूस चाललाय. बोलवायला नको?"

"पण यायचं नाही."

"नाही. 'झालं माझं, पोट भरलंय' म्हणायचं आणि पुढं जायचं."

"आणि खरंच भूक लागली असली तर?"

"तरीही तेच म्हणायचं."

कॅलम डोकं धरून बसला. "मग खरा उपाशी माणूस इथं मरतच असेल!"

"छे! तोंडाकडं बघून कळतं की. तो नाही म्हणत असतानाच हाताला धरून आत ओढतात."

दुसऱ्या दिवशी कॅलमनं मुद्दाम दिवस चांगला वर येऊ दिला. हातात गाठोडं होतं. आज अंधारात पाहुणा आला नाही म्हणून उशिरा खायला बसलेल्या सामूच्या घरातून जीव मुठीत धरून हाक आली, "मास्तर, या, खायला या!"

"झालं माझं!" कॅलम असा ओरडला की कोंबड्या पळाल्या. "उनाइसी मावशीनं इतकं खाऊ घातलंय की चालवत नाही! अशी सुगरण साऱ्या फिजीत नाही!"

पुढच्या दारातही तेच, त्याच्या पुढच्याही दारात तेच. खरं तर काल दुपारपासून त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. शेवटच्या दारात त्याचा आवाज चिरकला आणि तेवढ्यात मागून कुणीतरी त्याचं मनगट धरलं. उनाइसी मावशी होती, धापा टाकत होती.

"खोटारडा कुठला," ती म्हणाली. "चल घरी. आणि ते गाठोडं दे इकडं."

सत्र संपवून कॅलम बेंडिगोला परतला. पहिल्याच सकाळी तो आई लोरेनबरोबर व्हरांड्यात टोस्ट खात होता. समोरून शेजारचे प्रिचर्ड कुत्र्याला घेऊन चालले होते. वर्षापूर्वी बायको गेल्यापासून एकटे राहत होते. कॅलम त्यांना लहानपणापासून पाहत होता, पण त्यांच्या तोंडाकडं त्यानं आज पहिल्यांदा नीट बघितलं.

"काका, या, खायला या!"

लोरेनच्या हातातली सुरी खाली पडली. प्रिचर्ड गोंधळून मागं वळून बघू लागले. आपल्यालाच म्हणतोय हे कळल्यावर पुटपुटले, "नको रे, झालं माझं."

कॅलम उठला, फाटकाबाहेर गेला आणि त्यांना हाताला धरून घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी प्रिचर्ड आपणहून आले. तिसऱ्या दिवशीही आले.

"हे रोज येणार का रे?" लोरेननं घाबरून विचारलं. "तू बोलावलंस कशाला?"

"दारावरून चालले होते, आई."

चौथ्या दिवशी लोरेननं गुपचूप उजाडायच्या आतच टोस्ट भाजले. पहिला घास घेते तोच फाटक वाजलं. कुत्रा पुढं, प्रिचर्ड मागं, नवा शर्ट घातलेले.

"माफ करा हं," ते ओशाळून म्हणाले. "स्वयंपाकघरात दिवा दिसला. तुम्ही माझ्यासाठी थांबून राहता आणि मला मेल्याला रोज उशीर होतो."

लोरेननं कॅलमकडं बघितलं. मग उठून तिनं तिसरी बशी काढली.